परदेशातल्या शाळेसाठी गावातून मोहीम काढायची आहे: कशी आखावी?

दर्यावर्दी

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, शक्यतो अनुभवी लोकांचा.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. घरटी एक माणूस जहाजावर, नाहीतर आखातात. गावच्या मंडळाची (मुंबई कमिटी आणि गाव कमिटी अशी दोन तोंडं आहेत, त्यामुळे काय होतं ते इथल्या कोकणकरांना सांगायला नको) पुढच्या वर्षी पंचाहत्तरी आहे. दरवेळी सत्यनारायण, नाटक आणि सत्कार होतात. यंदा वेगळं काही करावं असं ठरलं.

कल्पना अशी: टांझानियाच्या किनाऱ्यावर टांगा नावाचं बंदर आहे. त्याच्या जवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेला आपण मदत करायची. सभासदांपैकी एकाचा भाचा दार-एस-सलामला नोकरीला आहे, त्याच्या ओळखीतून शाळा कळली. वर्ग खच्चून भरलेले, सामान तुटपुंजं. आमच्यातले बरेच जण नोकरीत असताना त्या किनाऱ्यावर उतरलेले, तिथल्या लोकांनी चांगलं वागवलेलं. हल्ली सरकारही लोकांमधल्या मैत्रीला महत्त्व देतं, ज्याला जनराजनय (पब्लिक डिप्लोमसी) म्हणतात. तर गावाने गावाशी मैत्री का करू नये?

आतापर्यंत ठरलेलं: मोहिमेचं नाव 'सागरमैत्री'. दप्तरं, वह्या, इंग्रजी गोष्टींची पुस्तकं, जुने पण चालू संगणक. शाळेवर दोन्ही देशांचे झेंडे असलेला फलक. निरोप समारंभाला मंत्री. निधी सभासदांकडून, आखातातल्या मुलांकडून आणि एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून).

प्रश्न: सामान कसं पाठवावं? पैसे कसे पाठवावेत? दूतावासात कोणाला भेटावं? आणि नाव कसं वाटतं?

बोंबील_फ्राय

मंत्री ठरले म्हणजे मोहीम झालीच की हो. दप्तरांचं नंतर बघू.

भरतीओहोटी

नाव छान. वाचतोय.

वाडीवरची

काका, राग मानू नका, पण आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट एक आकडी झालाय. बाई एकट्याच, चारही इयत्ता एका खोलीत. शाळा कधी दुसरीकडे जोडतील याचा नेम नाही. आणि आपण दप्तरं पाठवणार आफ्रिकेला? पंचाहत्तरीचा पैसा आधी गावच्या शाळेला द्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

नारळीपोफळी

वाडीवरची यांना +१

चार्टर्ड_चिपळूणकर

दर्यावर्दीकाका, कल्पना चांगली आहे. पण पैशाची बाजू आधी नीट समजून घ्या, नाहीतर पंचाहत्तरीच्या वर्षी मंडळाला नोटीस यायची.

तुमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असणार, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 लागू. घटना काढून उद्देश वाचा. बहुतेक मंडळांच्या घटनेत 'गावाचा सर्वांगीण विकास' असं असतं, त्यात टांगा बसत नाही. दुसरं, धर्मादाय संस्थेने भारताबाहेर केलेला खर्च करमाफीसाठी धरला जात नाही. त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते, आणि ती गावच्या मंडळाला मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून परदेशी देणगी पाठवता येते, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. पण ती फक्त व्यक्तींसाठी. ट्रस्ट, कंपनी, भागीदारी संस्था यांना ती खुली नाही. म्हणजे मंडळाने मोहीम चालवावी, पैसे मात्र ज्याचे त्याने स्वतःच्या खात्यातून, पॅन देऊन, ए-2 फॉर्म भरून थेट शाळेच्या खात्यात पाठवावेत. सगळ्यांचे एकाच्या खात्यात गोळा करून 'आमचा बाळू पाठवेल' हे अजिबात करू नका. बाळू अडकतो.

सीएसआर विसरा. कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे भारताबाहेर केलेलं काम सीएसआरमध्ये मोजत नाहीत. अपवाद आहे तो राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. टांग्याची पोरं त्यात येत नाहीत.

बोंबील_फ्राय

'बाळू अडकतो' हे मी आमच्या मंडळाच्या इतिवृत्तात घालणार आहे.

दाभोळखाडी

चिपळूणकरसाहेब, एक विचारायचं होतं. आमचे चुलतभाऊ कुवेतला आहेत, आणि आजोबांच्या भावाची नातवंडं केपटाऊनला. तिकडे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, रत्नागिरी-रायगडकडून गेलेल्यांची. दोघांनाही कोकणासाठी काही करायचं असतं. त्यांनी मंडळाच्या खात्यात पैसे दिले तर चालेल?

चार्टर्ड_चिपळूणकर

शौकाने विचारा हो, हा नेहमीचा गोंधळ आहे. कुवेतवाल्यांकडे भारतीय पासपोर्ट आहे, ते भारतीय नागरिकच. त्यांनी स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून पाठवले तर ती परकीय देणगी होत नाही. केपटाऊनवाले तिकडचे नागरिक, म्हणून कायद्याने ते परकीय स्रोत. त्यांच्याकडून घ्यायला एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतल्या खात्यातच आले पाहिजेत. आडनाव आणि गाव एकच असलं तरी.

केपटाऊनवाल्यांना सांगा, थेट टांग्याला पाठवा. त्यांच्या-त्यांच्यात आपला काय संबंध.

गजालवाडी

माका एक सांगा, तेंनी तुमच्याकडे काय मागल्यानी? दप्तरा मागल्यानी?

दर्यावर्दी

@गजालवाडी, तसं कोणी मागितलं नाही. भाच्याने परिस्थिती सांगितली, त्यावरून आम्ही यादी केली.

@वाडीवरची, राग कसला. पण हे गाव-आफ्रिका असं एकमेकांविरुद्ध का लावायचं? गावच्या शाळेला आम्ही दरवर्षी देतोच. पट कमी होतो तो वह्यांअभावी नव्हे, पोरंच उरली नाहीत म्हणून. तरणी जोडपी विरार-नालासोपाऱ्याला.

मास्तरीणबाई

गजालवाडीने एका ओळीत विचारलं ते मी जरा सविस्तर सांगते.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी दापोली तालुक्यात शिकवत होते. शाळेचं छप्पर उडालं. कौलं फुटली, पत्रे शेजारच्या बागेत जाऊन पडले, पोफळी तर मोडून काटकुळ्यांसारख्या पडलेल्या. आठवड्याभरात मदतीचे टेम्पो येऊ लागले. लोक मनापासून करत होते, त्यात शंका नाही. पण टेम्पोतून उतरलं काय? जुने कपडे. व्हरांड्यात ढीग. कॉलेजच्या मुलींचे झगे, लग्नातली शेरवानी, एका पायाचे बूट. पाऊस सुरू झालेला, ढीग भिजला, वास सुटला आणि तो हलवायला आम्हाला मजूर लावावा लागला. आम्हाला हवे होते पत्रे, ताडपत्र्या आणि कौलं चढवणारे हात. ताडपत्रीसाठी लोक तालुक्याला रांगा लावत होते आणि इकडे शेरवानी.

पुढच्या वर्षी जुलैत चिपळूण बुडालं तेव्हाही तेच. घराघरांत गुडघाभर चिखल, हवा होता फावडा, खराटा आणि फिनेल. आले बिस्किटांचे पुडे.

म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूला आपण अलीकडेच उभे होतो. कोकणातल्या माणसाला तरी हे समजावून सांगावं लागू नये. काका, तुमची यादी चांगल्या मनाची आहे, पण ती त्या टेम्पोची यादी आहे. आधी शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोला. भाच्याशी नव्हे.

आणि जुने संगणक नकोच. आमच्या शाळेला एकदा कोणीतरी दिले होते. खाऱ्या हवेने वर्षभरात पोर्ट गंजले, दुरुस्तीला माणूस नाही. अजून कपाटात प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलेत, कारण नोंदवहीवर आहेत आणि निर्लेखित करायला वरून परवानगी येत नाही.

आंबोळी

शेरवानी कोणाला बसली का शेवटी?

मास्तरीणबाई

@आंबोळी, शिमग्याला नमनाच्या खेळात राजाच्या पार्टाला गेली. चांगली दिसली हो.

किलिमांजारो_खालून

मी दार-एस-सलामला बरीच वर्षं आहे, म्हणून लिहितो. एरवी फक्त वाचक.

मुख्य मुद्दा: इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवण्याचं माध्यम स्वाहिली आहे. इंग्रजी माध्यम सुरू होतं माध्यमिकला. त्यामुळे इंग्रजी गोष्टींची पुस्तकं पाठवलीत तर दुसरी-तिसरीची पोरं चित्रं बघतील आणि मग ती पुस्तकं मुख्याध्यापकांच्या खोलीत जातील. स्वाहिली बालपुस्तकं इथेच छापली जातात, इथेच विकत घ्या. वह्या-दप्तरांचंही तेच. जहाजाने पाठवायचा खर्च, जकात आणि बंदरातली रखडपट्टी धरली तर एका दप्तराच्या पैशात इथे बरीच येतील, आणि टांग्यातल्या दुकानदाराचाही धंदा होईल.

2016 मध्ये इथे सरकारी शाळांत माध्यमिकच्या खालच्या वर्गांपर्यंतची फी रद्द झाली. त्यामुळे मुलं वाढली, वर्ग भरले. 'खच्चून भरलेले' हे बरोबर आहे. पण त्याचं मूळ दारिद्र्यात शोधू नका. जी पोरं आधी शाळेबाहेर होती ती आत आलीत. फलकावर 'गरीब मुलांना मदत' असं काही लिहू नका. इथल्या लोकांना ते बोचतं, आणि ते बरोबरही नाही.

शाळेला समिती असते, पालकही असतात तिच्यात, आणि तिचं बँक खातं असतं. जे करायचं ते तिच्यामार्फत, जिल्ह्याच्या शिक्षण अधिकाऱ्याला कळवून. भाच्याने एकट्याने नको.

पोफळीवरचा_कावळा

मला मूळ शब्दाचंच कळत नाही. राजनय हे सरकारचं काम. गावच्या मंडळाने दोन झेंडे लावले म्हणजे राजनय झाला? नेपाळात भारतीय दूतावास प्रजासत्ताक दिनी शाळांना बस आणि संस्थांना रुग्णवाहिका देतो, ते समजू शकतो. तुम्ही कोण? शिवाय कर्ज काढून सण.

खर्डेघाशी

@कावळा, सरकारचं कामच आहे, पण फक्त सरकारचं नव्हे. अमेरिकेत 1965 च्या सुमारास हा शब्द आजच्या अर्थाने रुळला, तेव्हाच त्यात सरकारने दुसऱ्या देशाच्या सरकारशी नव्हे तर लोकांशी बोलणं अभिप्रेत होतं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्यासाठी वेगळा विभाग 2006 मध्ये काढला. पण भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद 1950 पासून आहे, मौलाना आझादांनी स्थापलेली, आणि परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊन ती हेच करत आली. 1964 पासून आयटेक कार्यक्रम आहे, त्यात परदेशी लोकांना भारतात बोलावून प्रशिक्षण देतात, खर्च भारत सरकारचा.

काका, तुमच्या 'दूतावासात कोणाला भेटावं' याचं उत्तर यात आहे. पैसे मागायला किंवा मंत्री मिळवायला जाऊ नका. टांग्याच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला आयटेकच्या अभ्यासक्रमाला अर्ज करता येईल का, हे दार-एस-सलामच्या भारतीय उच्चायुक्तालयात विचारा. अर्ज त्यांच्या सरकारमार्फत जातो, ऑनलाइन अभ्यासक्रमही असतात. यात मंडळाचा छदाम खर्च होत नाही.

सह्याद्रीपल्याड

आम्ही घाटावरचे, पण तोंड घालतो. कोकणाला राजनय नवा नाही! ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये आणून ठेवलं कुठे, तर रत्नागिरीत. 1910 मध्ये राजवाडा बांधून दिला आणि 1916 मध्ये राजा तिथेच गेला. 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन खास त्या समाधीला येऊन गेले. एक शाळा म्यानमारला पण करा.

बोंबील_फ्राय

@सह्याद्रीपल्याड, राजाला डांबून ठेवणं हा राजनय नव्हे हो. घाटावर असेल.

नारळीपोफळी

राजवाड्यातून भाट्ये खाडीचा सूर्यास्त काय दिसतो पण! डांबायचंच तर आम्हाला डांबा.

(यानंतरचे थिबा, रत्नागिरी विरुद्ध कोल्हापूर आणि तांबडा रस्सा विरुद्ध सोलकढी हे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा. — संपादक मंडळ)

मुरुडचा_समुद्र

वाडीवरची यांनी 'आधी घरचं' म्हटलं, त्यावर एक आठवण करून देतो. आमच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. डिसेंबर 1930 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि खाली दक्षिण आफ्रिका. सव्वा वर्ष फिरले. कशासाठी? इथल्या स्त्रियांच्या शिक्षणाचं काम तिथे सांगायला. टांगानिका म्हणजेच आजचा टांझानियाचा मुख्य भूभाग.

तेव्हा तिथल्या कोणी म्हटलं असतं की 'आमच्या गल्लीत शाळा नाही आणि हिंदुस्थानातल्या बायकांचं काय ऐकायचं', तर? आपल्या मुलींची विद्यापीठं अशा लांबच्या लोकांच्या आस्थेवरही उभी राहिली. उलटा प्रवास आता व्हायला काय हरकत आहे.

वाडीवरची

@मुरुडचा_समुद्र, ते ऐकणारे बहुतेक तिथे गेलेले आपलेच लोक असणार ना? आफ्रिकन शेतकऱ्याने कशाला ऐकलं असतं. उदाहरण भारदस्त आहे, पण चपखल नाही.

तरी कर्व्यांची एक गोष्ट घ्यायला हवी. ते स्वतः गेले, बसले, बोलले. मंडळ फक्त खोकी पाठवतंय. काका, मी अजून विरोधातच आहे. पण करायचंच असेल तर असं करा की त्यातून आमच्या वाडीच्या शाळेतल्या सात पोरांनाही काही मिळेल.

मास्तरीणबाई

@वाडीवरची, हे मला फार आवडलं. सात पोरांचा वर्ग आणि भरगच्च वर्ग यांची ओळख करून द्यायची. सात जणांच्या शाळेचं मोठं दुःख म्हणजे पोरांना दुसरं माणूसच दिसत नाही.

एक करता येईल: पाऊस मोजणं. बरणी, नरसाळं आणि पट्टी लागते. आमची मुलं सकाळी परिपाठाआधी मोजून फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. नरसाळ्याचं तोंड आणि बरणीची आतली रुंदी एकाच मापाची हवी, नाहीतर पाऊस फुगतो किंवा आटतो. एकदा बरणीत बेडूक निघाला तर त्या दिवशीची नोंद खरी धरायची का, यावर तासभर वाद झाला. तो माझा सगळ्यात चांगला विज्ञानाचा तास. तिथे पाऊस कधी असतो?

किलिमांजारो_खालून

मोठा पाऊस मार्च ते मे, त्याला मसिका म्हणतात. छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर, वुली. म्हणजे तुमचा सुरू होतो तेव्हा आमचा मोठा संपलेला. मुलांना हे कळलं की वारे, समुद्र आणि शिडाची जहाजं सगळं आपोआप येतं. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येकडच्या वाऱ्यावर भारत-अरबस्तानातून गलबतं इथे यायची आणि वारा फिरला की परत जायची.

एक अडचण: इथलं शाळेचं वर्ष जानेवारीला सुरू होतं आणि जूनमध्ये सुट्टी असते. तुमची शाळा जूनमध्ये उघडते. दोन्ही शाळा चालू असतील असे महिने आधी काढून ठेवा. दिवाळी आणि गणपतीही धरा.

खर्डेघाशी

उलट दिशेनेही शिकण्यासारखं आहे. मुंबईत 1995 मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम'ने वयाऐवजी मुलाला वाचायला कितपत येतं त्यावरून गट करून शिकवायची पद्धत बसवली. ती पुढे आफ्रिकेत गेली, झांबियात सरकारी शाळांत तिला 'कॅच अप' म्हणतात. भरगच्च वर्गाला ती लागू पडते आणि चार इयत्ता एका खोलीत असलेल्या बाईंनाही. दोन्हीकडच्या शिक्षकांनी यावर बोलावं.

दाभोळखाडी

फोटोंचं कोणी बोललं नाही. मंडळाच्या अहवालात रडक्या चेहऱ्याच्या पोरांचे फोटो टाकू नका. निसर्गच्या वेळी आमच्या आईचा फोटो, पडक्या भिंतीपुढे हातात तांदळाची पिशवी घेतलेला, कोणीतरी फेसबुकवर टाकला. आई अजून त्या माणसाचं नाव काढलं की उठून आत जाते. पालकांना आणि शाळेला विचारल्याशिवाय मुलाचा फोटो नाही, हे लिहून ठरवा.

पोफळीवरचा_कावळा

दाभोळखाडी यांच्याशी सहमत. या धाग्यावर पहिल्यांदाच कोणाशी तरी सहमत झालोय, नोंद घ्यावी.

दर्यावर्दी

मंडळी, मध्ये आंब्याची गडबड होती, म्हणून उशीर. सगळं वाचून कमिटीपुढे ठेवलं. मुंबई कमिटीचा अजून मंत्र्यांचा आग्रह आहे, तो मी अंगावर घेतलाय.

भाच्याला बाजूला ठेवून थेट मुख्याध्यापिकांशी बोललो, किलिमांजारो_खालून यांनी दुभाषाचं काम केलं, त्यांचे आभार. काय हवं असं विचारल्यावर बाई बराच वेळ बोलेनात. मग म्हणाल्या, पावसाचं पाणी साठवायची टाकी आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी असलेलं दार. दप्तरांचं विचारलं तर म्हणाल्या, पिशवीतून आणतात की. शेवटी त्यांनीच विचारलं, तुमच्या शाळेत मुलं किती? सात म्हटल्यावर त्यांना खरं वाटेना. पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, काही इकडची पाठवू का.

सध्याचं असं: टाकी आणि दार टांग्यातच घ्यायचं, शाळा समितीच्या खात्यातून, पैसे ज्याचे त्याने आपापल्या खात्यातून पाठवायचे. संगणक रद्द, फलक रद्द. मंडळाचा पैसा वाडीवरची यांच्या शाळेत इंटरनेट, पडदा आणि दोन्हीकडच्या मुलांच्या गप्पांसाठी, तो घटनेत बसतो असं चिपळूणकरसाहेबांनी सांगितलंय. उच्चायुक्तालयाला आयटेकसाठी पत्र गेलंय, उत्तराची वाट बघतोय. पर्जन्यमापकं मास्तरीणबाई करून देणार.

पहिली गाठ जुलैच्या अखेरीस घालायचीय. बाईंनी सकाळी चार वाजताची वेळ दिलीय. इतक्या पहाटे मुलं कशी येणार?

किलिमांजारो_खालून

काका, स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे चार म्हणजे इथल्या घड्याळात दहा, तुमच्याकडे साडेबारा. पत्रात दोन्ही घड्याळांची वेळ लिहा.

वाडीवरची

साडेबाराला आमच्याकडे खिचडी शिजत असते. दीडला ठेवा. आणि मी येते, पण तक्रार करायला.

बोंबील_फ्राय

मंत्र्यांना चारचीच वेळ द्या.